झाकण्याआधी उघडा

जुनी गाडी घरी आली की पहिला खर्च बहुतेकदा सीट कव्हरवर होतो. पुण्यातली नाना पेठ असो, मुंबईतला ऑपेरा हाऊसचा परिसर असो की तालुक्याच्या गावातलं बसस्टँडसमोरचं दुकान, सगळीकडे रीत एकच. फाटलेल्या सीटवर चकचकीत कव्हर चढतं, फरशीवर मॅटिंग चिकटतं, डॅशबोर्डला पॉलिश लागतं आणि उरलेल्या कुबट वासावर परफ्यूमची बाटली बसते. दोन-तीन तासांत गाडी नवी दिसू लागते. पुढचा पावसाळा संपेपर्यंत वास परत येतो, कव्हराला चुण्या पडतात, पाठ दुखायला लागते. मग मालक म्हणतो, जुन्या गाडीवर कितीही घाला, ती तशीच राहणार.

माझं म्हणणं वेगळं आहे. पैसे वाया गेले ते गाडी जुनी होती म्हणून नव्हे. खर्चाचा क्रम उलटा होता म्हणून ते गेले. ज्याच्या खिशात भरपूर पैसे आहेत त्याला हा उलटा क्रम परवडतो, कारण तो पुन्हा खर्च करू शकतो. ज्याचं बजेट तोकडं आहे त्याने मात्र पहिला रुपया झाकण्यावर घालता कामा नये. त्याने आधी उघडायला हवं. कमी पैशांत गाडीचा आतला भाग नीट करणं म्हणजे स्वस्त वस्तू शोधणं, असा आपला समज झाला आहे. खरं तर ते बिघाडाचं कारण शोधणं आहे, आणि कारण शोधायला पैशांपेक्षा वेळ आणि नजर जास्त लागते.

उदाहरणासाठी मारुती 800 घेऊ. 14 डिसेंबर 1983 रोजी पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी 2014 मध्ये उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत 25 लाखांहून अधिक गाड्या बनल्या. त्यातल्या कितीतरी आजही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, छोट्या व्यापाऱ्यांकडे आणि निवृत्त शिक्षकांच्या अंगणात आहेत. तिचं 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन गावोगावच्या मेकॅनिकला पाठ आहे. त्याचे सुटे भाग मिळतात, आणि ते दुरुस्त करायला कोणी कुरकुर करत नाही. पण त्याच गाडीचं बसकं सीट, लोंबणारं छत आणि ओली फरशी यांचा विषय काढला की लोक म्हणतात, राहू दे, ती काय हौस आहे. इंजिन म्हणजे गरज आणि आतला भाग म्हणजे हौस, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे. या वाटणीमुळेच आतल्या भागाचं काम दुरुस्तीत मोजलं न जाता सजावटीत मोजलं जातं, आणि सजावट म्हटली की दिसण्यापलीकडे कोणी बघत नाही.

ही वाटणी किती खोटी आहे, हे मुंबईच्या टॅक्सीवाल्याला विचारावं. कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी काही दशकं या शहराची टॅक्सी होती. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत झाली, आणि टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. या टॅक्सीच्या छताला लावलेलं फुलाफुलांचं रेक्झिन सगळ्यांच्या लक्षात राहिलं. चालक मात्र त्या सीटवर दिवसाचे दहा-बारा तास बसायचा. त्याच्यासाठी ते सीट म्हणजे कामाची जागा होती. इंजिन गाडीला पुढे नेतं हे खरं, पण माणूस इंजिनात बसत नाही. त्याची पाठ, मांड्या, श्वास आणि नजर यांचा संबंध आतल्या भागाशी येतो. म्हणून तो नीट ठेवणं ही गरजच आहे.

आतला भाग खराब का होतो? कारणं मुख्यतः तीन: पाणी, ऊन आणि वजन. या तिन्हींचा हिशेब वेगवेगळा आहे आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे.

पाणी सगळ्यात आधी. कोकणात आणि घाटमाथ्यावर चार महिने हवाच ओली असते. तिथे गाडीत शिरलेलं वाटीभर पाणीसुद्धा आठवडाभर सुकत नाही. ते येतं कुठून हे शोधायला मात्र कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. एकाने आत बसावं, दुसऱ्याने पाइपने पाणी मारावं: आधी पुढच्या काचेच्या रबरावर, मग दरवाजांवर, शेवटी डिकीवर. वायपरच्या खालच्या जाळीत झाडाची पानं साचली की तिथलं पाणी बाहेर जायला वाट उरत नाही आणि ते आत उतरतं. दरवाजाच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोकं असतात, ती चिखलाने बुजतात. गाडीला एसी असेल तर त्याच्या पाण्याची नळी तुंबून डाव्या बाजूची फरशी भिजते. ते पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असतं. पाणी चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट आहे, हीटरचा छोटा रेडिएटर गळतो आहे असं समजावं. यातल्या निम्म्याहून अधिक दोषांचा इलाज म्हणजे तार, ब्रश आणि रिकामी दुपार.

दरवाजाच्या आतल्या पॅडमागे प्लॅस्टिकचा एक पातळ कागद चिकटवलेला असतो. काचेवरून ओघळून दरवाजाच्या पोटात गेलेलं पाणी त्या कागदामुळे पोटातच राहतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं. काच वर-खाली होत नाही म्हणून कधीतरी कोणीतरी दरवाजा उघडतो, तो कागद फाडतो, आणि परत लावत नाही. त्यानंतर प्रत्येक पावसात पॅड आतून भिजतं. जुन्या गाड्यांत हे पॅड हार्डबोर्डचं असतं. ते फुगतं, वाकडं होतं, त्याच्या क्लिपा निघतात. मालक मग पॅडला नवं कापड लावतो. आतला बोर्ड ओलाच असल्याने ते कापड वर्षभरात सुटतं. जाड पॉलिथिनचा तुकडा आणि न सुकणारी चिकट पट्टी एवढ्यावर जे थांबलं असतं, त्यासाठी दोनदा कापड आणि दोनदा मजुरी जाते. छप्पर गळत असताना भिंतीला रंग देणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपण वर्षानुवर्षं तेच करतो.

फरशीवर चिकटवल्या जाणाऱ्या मॅटिंगबद्दल तर स्पष्टच बोलायला हवं. मूळ गालिचावर आणि त्याखालच्या नमद्यावर प्लॅस्टिकचं अखंड आवरण घातलं की वरचा चिखल पुसायला सोपा जातो, एवढाच त्याचा फायदा. आत शिरलेल्या पाण्याला त्यातून बाहेर पडता येत नाही. नमदा ओला राहतो आणि खालचा पत्रा हळूहळू खाल्ला जातो. बाहेरच्या पत्र्यावरचा गंज दिसतो म्हणून त्याची काळजी घेतली जाते. फरशीचा गंज पाय आत जाईपर्यंत कळत नाही. म्हणून जुन्या गाडीचं काम सुरू करताना सीट काढून गालिचा उचलून पाहिलाच पाहिजे. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचं सीट चार बोल्टवर असतं, ते काढायला पाना आणि थोडा धीर पुरतो. गंज वरवरचा असेल तर तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक द्रावण लावून, त्यावर रेड ऑक्साईड आणि रंगाचा हात मारावा. गालिचा धुऊन कडक उन्हात वाळवावा. हे सगळं घरी होतं.

दुसरं कारण ऊन. विदर्भ-मराठवाड्यात पावसापेक्षा उन्हानेच गाड्यांचं नुकसान अधिक होतं. बंद गाडी उन्हात उभी राहिली तर डॅशबोर्डचा पृष्ठभाग 70 अंशांच्या आसपास जाऊ शकतो. रेक्झिन आणि डॅशबोर्डचं आवरण ज्या पीव्हीसीचं असतं, त्याला मऊ ठेवणारी द्रव्यं या उष्णतेत हळूहळू उडून जातात. पुढच्या काचेवर आतून जो तेलकट थर बसतो, तो पुष्कळदा त्यांचाच असतो. ती द्रव्यं गेली की आवरण कडक होतं आणि तडकतं. एकदा गेलेली द्रव्यं कुठल्याही पॉलिशने परत येत नाहीत. तेलकट पॉलिशने डॅशबोर्ड चमकतो खरा, पण त्या चमकेचं प्रतिबिंब काचेत पडून समोरचं नीट दिसत नाही, आणि वर धूळ अधिक बसते. इथे कमी पैशांतला खरा उपाय म्हणजे गाडी सावलीत लावणं आणि उभ्या गाडीच्या काचेमागे पुठ्ठा किंवा सनशेड ठेवणं. तडा गेलाच असेल तर तो तसाच ठेवून डॅशबोर्ड स्वच्छ पुसावा. त्या तड्यावर दोन हजार घालण्यापेक्षा तेच दोन हजार पाठीखाली घालावेत.

छताचं लोंबणंही उन्हाचं आणि दमट हवेचंच काम आहे. अनेक गाड्यांत छताच्या कापडाच्या पाठीला फोमचा पातळ थर असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्याची भुकटी होते आणि कापड सुटतं. लोक वरून टाचण्या मारतात किंवा कापडाला भोक पाडून गोंद ओततात. गोंद भुकटीला चिकटतो, छताला चिकटत नाही, म्हणून महिनाभरात सगळं पुन्हा खाली येतं. छताचा साचा पूर्ण खाली काढून, भुकटी शेवटच्या कणापर्यंत घासून, उष्णता सोसणारा गोंद लावून नवं कापड ताणायला हवं. यातलं घासण्याचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. तेच मालकाने स्वतः केलं तर मजुरी बरीच वाचते.

तिसरं कारण वजन. सीट बसतं तेव्हा दोष कापडात नसतो. तो खालच्या फोममध्ये, त्याखालच्या तरटात किंवा त्याखालच्या स्प्रिंगमध्ये असतो. नागमोडी स्प्रिंग आणि फोम यांच्यामध्ये तरटाचा किंवा जाड कापडाचा थर लागतो. तो कुजला की तार फोमला कापत जाते. अशा सीटवर नवं कव्हर चढवलं की खड्डा तसाच राहतो, फक्त तो दिसत नाही. माणूस एका बाजूला कलून बसतो, आणि लांबच्या प्रवासात कंबर बोलू लागते. म्हणून सीटवरचा खर्च खालून वर जायला हवा: आधी स्प्रिंग, मग तरट, मग फोम, शेवटी कापड. फोम घेताना त्याची घनता विचारावी. 32 घनता म्हणजे एका घनमीटरला 32 किलो, 40 म्हणजे 40 किलो. ती कमी असेल तर फोम लवकर चेपतो. गाडीच्या सीटला 40 पेक्षा कमी घेऊ नये असं माझं मत आहे. सगळा फोम बदलायचीही गरज नसते. पुष्कळदा चालकाच्या सीटचा बाहेरच्या कडेचा भाग तेवढा मेलेला असतो, कारण चढता-उतरताना सगळा भार तिथे पडतो. तेवढाच तुकडा कापून नवा बसवता येतो.

इथे कुशनवाल्याचं महत्त्व कळतं. रिक्षाचं हूड, ट्रॅक्टरचं सीट, दवाखान्यातलं बाकडं आणि गाडीची गादी एकाच मशीनवर शिवणारा हा कारागीर जवळपास प्रत्येक गावात आहे. तो जुनं कव्हर उसवतो, त्याच्या तुकड्यांवर खडूने खुणा करतो आणि त्यांच्याच मापाने नवे तुकडे बेततो. त्यामुळे शिवलेलं कापड सीटला अंगासरशी बसतं. तयार कव्हर सगळ्यांना बसावं म्हणून कोणालाच नीट बसत नाही. कापड निवडताना चकाकी न बघता आपली हवा बघावी. दमट उकाड्यात रेक्झिन अंगाला चिकटतं, जाड विणीचं कापड घाम शोषतं आणि वाळतंही. बजेट तोकडं असेल तर पाठ आणि मांड्या टेकतात तिथे चांगलं कापड घ्यावं, बाजूंना आणि पाठीमागे साधं रेक्झिन लावावं.

बजेट तोकडं आहे म्हणून कारागिराचे पैसे पाडावेत, हे मात्र मला मान्य नाही. पैसे वाचवायची जागा त्याची मजुरी नव्हे. सीट काढणं, कव्हर उसवणं, तारेच्या क्लिपा सोडवणं, धुणं, वाळवणं, परत बसवणं ही कामं आपण करू शकतो. शिवण आपल्याला येत नाही. जे येत नाही त्याचे पुरते पैसे द्यावेत आणि जे येतं ते स्वतः करावं. असं केलं की बजेटही सांभाळतं आणि हे कसबही टिकतं. घासाघीस करून पाडलेल्या दरात तो सुती दोरा वापरेल, तरट टाकणार नाही, आणि तेव्हा त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.

झाकण्याच्या सवयीची सगळ्यात मोठी किंमत पैशांत मोजता येत नाही. तयार कव्हरं मागच्या सीटवर चढवताना सुरक्षा पट्ट्यांची बकलं सर्रास आत दडपली जातात. मागे बसणाऱ्याने पट्टा लावायचा ठरवला तरी बकल हाती लागत नाही. सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर मागच्या पट्ट्याची देशभर चर्चा झाली आणि मुंबई पोलिसांनी तो लावण्याचा नियम कडकपणे राबवण्याचं जाहीर केलं. पण नियम राबवायला बकल सापडायला हवं. आतल्या भागाचं काम काढलं की प्रत्येक पट्टा पूर्ण ओढून पाहावा. कड उसवली असेल, कापल्याची खूण असेल किंवा झटका दिल्यावर तो अडकत नसेल तर बदलावा. मळलेला पट्टा साध्या साबणाच्या पाण्याने धुवावा. ब्लीच किंवा रंग लावू नये, त्याने धागा कमजोर होतो. ज्या नव्या गाड्यांच्या सीटच्या कुशीत एअरबॅग असते, त्यांच्यावर कुठलंही कव्हर चढवणं तर धोक्याचंच आहे, कारण ती उघडायची शिवणच झाकली जाते. अशा गाडीचं सीट घरी उघडायलाही जाऊ नये, ते माहितगारावर सोपवावं.

आता समजा हातात दहा हजार रुपये आहेत. माझ्या हिशेबाने त्यातले पहिले हजार-दीड हजार रबर, चिकट पट्टी, गंजरोधक आणि रंग यांना जावेत. पट्ट्यांत दोष असेल तर त्यांचा खर्च त्याच्याही आधी. नंतरचा निम्मा भाग चालकाच्या सीटच्या फोमवर आणि शिवणीवर, कारण गाडी कोणीही वापरो, ते सीट कधीच रिकामं नसतं. उरलेल्यात छत किंवा दरवाजाची पॅडं. शेजारचं आणि मागचं सीट पुढच्या वर्षी केलं तरी चालतं. दर गावागणिक बदलतील, क्रम बदलू नये. सगळं एकदम थोडं थोडं करण्यापेक्षा एक काम तळापासून पुरं करणं नेहमी स्वस्त पडतं.

यावर एक आक्षेप हमखास येतो: ज्या गाडीची बाजारात किंमतच उरलेली नाही तिच्यावर दहा हजार कशाला? हा प्रश्न विकणाऱ्याचा आहे, वापरणाऱ्याचा नाही. गाडी आणखी पाच वर्षं चालवायची असेल तर तिची विक्रीची किंमत त्या पाच वर्षांत काहीच कामाची नाही. तिच्यात रोज कसं बसायला मिळतं हे कामाचं आहे. नव्या गाडीच्या कर्जाचे एक-दोन हप्ते म्हणजे हे दहा हजार. शिवाय 15 वर्षं झालेल्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपयांवर गेलं, महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. हे सगळं भरून जो माणूस जुनी गाडी ठेवतो, त्याने ती रडतखडत का वापरावी?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जुन्या गाड्या धूर सोडतात, त्या गेल्याच पाहिजेत. ज्या गाडीचा धूर प्रमाणात बसत नाही किंवा जिच्या फरशीचा, पट्टे अडकवण्याच्या जागेचा पत्रा कुजला आहे, ती खरोखरच गेली पाहिजे. तिच्यावर कापडाचा एक तुकडाही खर्च करू नये. आधी उघडून पाहण्याचा आग्रह म्हणूनच आहे. उघडल्यावर कधी कधी कळतं की गाडी वाचवण्याजोगी नाही, आणि हे कव्हर शिवण्याआधी कळलं तर पैसेही वाचतात आणि जीवही. पण इंजिन निरोगी, पत्रा शाबूत आणि फक्त सीट फाटलेलं, म्हणून गाडी भंगारात देणं ही चैन आहे. एक गाडी बनवताना लागलेलं पोलाद, रबर आणि वीज आधीच खर्च झालेली असते.

उत्पादकांचाही यात वाटा आहे. दरवाजाच्या पॅडची एक क्लिप तुटली तर ती सुटी मिळेलच असं नाही, अख्खं पॅड घ्या असं सांगितलं जातं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. तो हक्क इंजिनापुरता न राहता क्लिपा, बिजागऱ्या, रबरं आणि पट्ट्यांपर्यंत आला पाहिजे. तोवर कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारखे जुन्या सुट्या भागांचे बाजार हाच आधार आहे. तिथे तासभर फिरलं तर भंगारातल्या गाडीचं धडधाकट पॅड किंवा सीटचा सांगाडा नव्याच्या काही अंश किमतीत मिळू शकतो.

कमी पैसे ही अडचण आहे, हे मी नाकारत नाही. पण त्या अडचणीवरचा उतारा स्वस्त कव्हर नाही. स्वस्त कव्हर गरिबाला दोनदा खर्चात पाडतं आणि दुकानदाराला दरवर्षी तेच गिऱ्हाईक देतं. म्हणून दुकानात गेल्यावर ‘कव्हर दाखवा’ असं म्हणू नका. ‘सीट उघडा, आत काय झालंय ते मला दाखवा’ असं म्हणा. जो कुशनवाला हे ऐकून पाना हातात घेईल, त्याच्याकडेच काम द्या. असं मागणारी गिऱ्हाइकं वाढली, तर उघडून काम करणाऱ्या कारागिराला मान आणि दाम दोन्ही मिळतील, आणि आपल्या जुन्या गाड्या नुसत्या नव्या दिसण्याऐवजी खरोखर बसण्यालायक होतील.